काचबिंदू शिबिर: ओसीटीचा झटपट स्कॅन पुरतो, की पूर्णच घ्यायचा?

पैनगंगा (धागाकर्ता)

प्रश्न सरळ आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात एक दिवसाचं काचबिंदू शिबिर. चाळिशीच्या पुढचे साधारण २०० जण. हाताशी गाडीत बसवलेलं एक ओसीटी (प्रकाशाने डोळ्याच्या पडद्याचे थर मोजणारं मशीन), एक फंडस कॅमेरा (पडद्याचा फोटो काढणारा), एक एफडीटी (नजरेचं क्षेत्र झटपट तपासणारं) आणि डोळ्यात हवा मारून दाब मोजणारं मशीन.

ओसीटीवर दोन रस्ते आहेत. पहिला, ऑप्टिक डिस्कभोवती (मज्जातंतू डोळ्यातून बाहेर पडतात ती चकती) ३.४ मिमी व्यासाचं वर्तुळ फिरवून नुसती आरएनएफएलची, म्हणजे मज्जातंतूंच्या थराची, जाडी घ्यायची. दुसरा, डिस्कचा ६ × ६ मिमीचा पूर्ण क्यूब (चौकोनी भागाचा सलग स्कॅन), वर मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाचा, क्यूब घेऊन गँग्लियन सेलचा (हे मज्जातंतू जिथून निघतात त्या पेशींचा) थर, आणि हे दोन्ही डोळ्यांचं.

माझं मत असं की झटपट स्कॅन सगळ्यांचा करावा आणि ज्यांचा रंग पिवळा-लाल, म्हणजे थर पातळ, येईल त्यांचाच पूर्ण. यात काय चुकतंय ते सांगा. 'दोन्ही आपापल्या जागी चांगले' असं उत्तर नको, ते मलाही येतं.

---

भिंगवाला

चुकतंय ते घड्याळात. मशीन झटपट आहे, माणूस नाही.

सेकंदाला २७,००० ए-स्कॅन (एकेका बिंदूचे उभे छेद) करणाऱ्या मशीनवर २०० × २०० चा डिस्क क्यूब दीड सेकंदात होतो. ५१२ × १२८ चा मॅक्युला क्यूब अडीच सेकंदांच्या आत. म्हणजे 'झटपट' आणि 'पूर्ण' यांत मशीनचा फरक काही सेकंदांचाच. वेळ जातो नाव-वय टाकण्यात, स्टूल वर-खाली करण्यात, 'हनुवटी ठेवा, कपाळ टेकवा, हिरव्या चांदणीकडे पाहा, बोलू नका' यात, आणि पापणी मिटली म्हणून परत घेण्यात. दोन्ही डोळ्यांच्या साध्या वर्तुळालाही माणशी ४ मिनिटं धरा. २०० × ४ म्हणजे ८०० मिनिटं, तेरा तासांच्या वर. एसटीची शेवटची गाडी केव्हाच गेलेली असते.

तेव्हा ओसीटी पहिल्या टेबलावर नकोच. पहिल्या टेबलावर फोटो आणि दाब. ओसीटीवर ४०-५० जणच पोचले पाहिजेत आणि त्यांचा मग पूर्णच घ्यावा. माणूस एकदा बसलाच आहे तर वर्तुळ घेऊन उठवण्यात बचत कसली?

---

बोंडअळी

राजेहो, 'बोलू नका' म्हटल्याबरोबर आपल्याकडचा माणूस 'काहून?' म्हणून इचारते. थेच्यातच स्कॅन हालते. दीड सेकंद काय अन् अडीच काय.

---

वर्धाकाठ

भिंगवाला यांच्याशी सहमत, पण पैनगंगा यांच्या योजनेत याहून मोठी चूक आहे. आकडे मांडून दाखवतो.

चाळिशीच्या पुढच्या १००० लोकांत काचबिंदू २५ जणांना आहे असं धरा. भारतातल्या पाहण्या साधारण शेकडा दोन-तीनच्या आसपासच येतात. तुमची चाचणी खऱ्या रुग्णांपैकी ८५ टक्के पकडते आणि निरोग्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडते असं समजा. कागदावर चांगलीच चाचणी म्हणायची. २५ पैकी २१ सापडले, ४ सुटले. उरलेल्या ९७५ निरोगी लोकांपैकी मात्र ९७-९८ जणांवर उगीच शिक्का बसला. पुढे पाठवलेल्या ११८ जणांत खरे २१, म्हणजे सहातला जेमतेम एक. बाकीचे मजुरी बुडवून नागपूर नाहीतर सेवाग्राम गाठतात, 'काही नाही' ऐकून परततात आणि पुढच्या वर्षी गावात कोणी शिबिराला फिरकत नाही.

यावर तुमचा उपाय काय, तर लालवाल्यांचा त्याच मशीनवर मोठा स्कॅन. पण लाल ज्या कारणाने आला ते कारण तिथेच बसलेलं असतं. मोठा मायनस नंबर असला तर मज्जातंतूंचे पट्टे मॅक्युलाच्या बाजूला सरकलेले असतात. वर्तुळ लाल, क्यूबही लाल. डोळा लांब असला तर भिंगातून जाणारं वर्तुळ पडद्यावर मोठं पडतं, डिस्कपासून लांब जातं, थर पातळ मोजला जातो; क्यूबमध्येही तेच. मोतीबिंदू पिकत आला असेल तर सिग्नल (स्कॅनची स्पष्टता) दोन्हीकडे कमी. चूक एकाच जातीची असेल तर दुसरी चाचणी ती धुऊन काढत नाही, पक्की करते.

दुसरी पायरी वेगळ्या जातीची हवी. पहिली रचना पाहते ना? मग दुसरीने नजरेचं काम पाहावं. एफडीटी घ्या, जमलं तर पेरिमेट्री (नजरेच्या क्षेत्राची सविस्तर तपासणी). शिवाय डिस्क ओळखणाऱ्या माणसाने ९० डीच्या (डोळ्याचा पडदा पाहायच्या) भिंगातून एकदा पाहिलेलं असावं.

---

मोहफूल

+१. 'लाल म्हणजे काचबिंदू, हिरवा म्हणजे घरी जा' हे मनातून काढाच. मशीनमधले रंग निरोगी लोकांच्या साठ्याशी ताडून येतात. १०० निरोग्यांतल्या सर्वांत पातळ पाचांत पडलात तर पिवळा, सर्वांत पातळ एकात पडलात तर लाल. म्हणजे व्याख्येनेच काही निरोगी माणसं लाल-पिवळी निघणार. त्या साठ्यात भारतीय डोळे फार थोडे असतात आणि १८ च्या खालची मुलं तर बहुतेक मशीनमध्ये नसतातच.

उलटंही घडतं. सरासरी हिरवी, पण खालच्या-बाहेरच्या कोपऱ्यात एक अरुंद पाचर गेलेली. सरासरीत ती बुडते. म्हणून आधी सरासरीचा आकडा पाहूच नये. आधी सिग्नल, मग मशीनने काढलेल्या रेषा थरावर बसल्यात का, मग टीएसएनआयटीचा आलेख (कानाकडून वर, नाकाकडे, खाली आणि परत कानाकडे अशी डिस्कभोवतीची जाडी), मग दोन डोळ्यांतला फरक. रंग सगळ्यात शेवटी.

---

सातपुडा

सिग्नलचा विषय निघालाच आहे तर कॅमेऱ्यामागे बसणाऱ्यांसाठी लिहितो.

सिग्नल दहाच्या मापात देणाऱ्या मशीनवर ६ च्या खालचा स्कॅन ठेवू नका. दुसऱ्या कंपनीचं माप वेगळं असतं, त्याचं पुस्तक पाहा. सिग्नल पडला की लगेच मोतीबिंदूला दोष देऊ नका. आधी समोरची लेन्स पाहा, नाकाचा तेलकट डाग नाहीतर कुणाचं बोट लागलेलं असतं. मग डोळ्याचा कोरडेपणा. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४४-४५ अंश, आत कूलरचा झोत थेट तोंडावर. बुबुळ (कॉर्निया) सुकतं आणि स्कॅन धुरकट येतो. कृत्रिम अश्रूंचा एक थेंब, दोन-तीन वेळा पापणी मिटवायची, अर्धा मिनिट थांबायचं आणि परत घ्यायचं. कूलरचं तोंड फिरवणं त्याहून स्वस्त.

वर्तुळ डिस्कच्या मधोमध बसलं नाही तर ज्या बाजूला ते डिस्कच्या जवळ गेलं तिथे थर जाड दिसतो आणि दुसऱ्या बाजूला पातळ. एका बाजूचा लाल पाहून रुग्णाला घाबरवण्याआधी केंद्र तपासा. इथे क्यूबचा खरा फायदा आहे: स्कॅन झाल्यावर मशीन स्वतः डिस्क शोधून वर्तुळ त्यावर आणतं. एकच वर्तुळ घेणाऱ्या जुन्या पद्धतीत घेतलं ते घेतलं.

चित्रात रक्तवाहिनी मध्येच तुटून बाजूला सरकलेली दिसली तर डोळा हलला होता. काळा पट्टा आडवा गेला तर पापणी मिटली. मान तिरकी असली तर वरच्या भागाचं माप बाजूच्या भागात जातं. हे तिन्ही स्कॅन पुसून नव्याने घ्यायचे.

---

टेंभुर्णी

आणि जन्मतारीख! कुणीच बोललं नाही. मशीन वयाशी ताडून रंग देतं. आपल्याकडे अर्ध्या आधारकार्डांवर १ जानेवारी. साल अंदाजे घातलेलं, पाच-दहा वर्षं इकडे-तिकडे. वयाने थर दशकाला साधारण २ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) उतरतो, म्हणजे काठावरच्या माणसाचा रंग तेवढ्याने बदलू शकतो.

त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वर्षी तोच माणूस वेगळ्या जन्मतारखेने नोंदवला जातो. मशीनच्या लेखी तो नवा माणूस. मागचा स्कॅन जोडला जात नाही आणि बदल मोजायची सोयच गेली. शिबिरात एक ओळखक्रमांक ठरवा, तो कार्डावर लिहून द्या, आणि कार्ड 'बँकेच्या पासबुकात ठेवा' म्हणून सांगा. पासबुक हरवत नाही.

---

बोंडअळी

पासबुकातले पैसे हरवते फक्त.

मले एक सांगा, हवा मारायची मशीन असतानी हे एवढं कायले? दाब वाढला म्हंजे काचबिंदू, नाई वाढला त नाई.

---

वर्धाकाठ

बोंडअळी भाऊ, याच समजुतीने सगळ्यात जास्त रुग्ण सुटतात. १० ते २१ मिमी दाब 'नॉर्मल' म्हणतात, पण भारतातल्या लोकसंख्या-पाहण्यांत सापडलेल्या ओपन अँगल (डोळ्यातला पाणी निचऱ्याचा कोन उघडा असलेल्या) काचबिंदूच्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जणांचा दाब तपासणीच्या वेळी याच मर्यादेत होता. दाब दिवसभरात वर-खाली होतो. बुबुळ पातळ असेल तर मशीन खराखुरा दाबही कमी दाखवतं; गोल्डमनचं (बुबुळाला टेकवून दाब मोजायचं) माप ५२० मायक्रॉन जाडी धरून बसवलेलं आहे.

तरी दाब मोजायचाच. ३० च्या वर आला तर स्कॅनची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरपुढे बसवायचं.

---

पळसपान

थोडं विरोधात बोलते. वर्धाकाठ सर म्हणतात, दुसरी पायरी नजरेचं काम तपासणारी हवी. पण पेरिमेट्रीत दोष उमटेपर्यंत गँग्लियन पेशींपैकी पाव ते तिसरा हिस्सा गेलेला असू शकतो. मग ओसीटी लाल आणि एफडीटी स्वच्छ, अशा माणसाला 'तुम्ही सुटलात' म्हणणार का? सुरुवातीचा काचबिंदू नेमका असाच दिसतो.

आणि पेरिमेट्रीची विश्वासार्हता? पहिल्यांदा बसलेला माणूस बटण दाबायलाच शिकत असतो, पहिला रिपोर्ट खराबच येतो. हंफ्री पेरिमीटरच्या २४-२ या चाचणीत ५४ बिंदू. सिटा स्टँडर्ड या पद्धतीने एका डोळ्याला ६-७ मिनिटं, २०१८ च्या सुमारास आलेल्या सिटा फास्टरने दोन-तीन. वेळ वाचतो खरा. पण पापणी लोंबणाऱ्या म्हाताऱ्याची पापणी चिकटपट्टीने वर धरली नाही तर वरचा भाग काळा येणारच, स्टँडर्ड घ्या की फास्टर. साठीच्या पुढच्या माणसाला जवळचा +३.२५ चा नंबर लावायचा राहिला, की सगळंच फिकट. खोटं 'दिसलं' (प्रकाश नसताना बटण दाबणं) १५ टक्क्यांच्या वर गेलं तर रिपोर्ट फेकून द्यावा.

---

वर्धाकाठ

पळसपान ताई, मुद्दा मान्य. 'सुटलात' म्हणायचं नाहीच. तिथे तीन गठ्ठे करावेत. रचना बिघडलेली आणि नजरही बिघडलेली, तो आठवड्यात वर पाठवायचा. फक्त रचना बिघडलेली, पण डिस्कवर खाच, रक्ताची बारीक रेघ किंवा दोन डोळ्यांच्या कप-डिस्क प्रमाणात (डिस्कमधला खळगा डिस्कचा किती भाग व्यापतो ते) ०.२ चा फरक, तोही पाठवायचा. आणि नुसता मशीनचा रंग, बाकी डिस्क छान, दाब ठीक, नजर ठीक, त्याला सहा महिने ते वर्षाने परत त्याच मशीनवर. सरासरी ५ मायक्रॉनपेक्षा जास्त उतरली तर तो बदल खरा असण्याची शक्यता. त्याआतला फरक मशीनच्या हाताचा थरकाप समजा.

'त्याच मशीनवर' यावर जोर आहे. एका कंपनीचे ८८ आणि दुसरीचे ८३ यांची वजाबाकी करू नका.

---

गोंडवनी

विदर्भातल्या शिबिरात तीन गोष्टी इतर ठिकाणांपेक्षा जास्त घोळ करतात.

एक, सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया पट्ट्यात हे रुग्ण बरेच. त्यांच्या मॅक्युलाची कानाकडची बाजू रक्तपुरवठ्याअभावी पातळ झालेली असू शकते आणि गँग्लियन सेलचा नकाशा तिथे लाल येतो. तो काचबिंदू नाही. फॉर्मवर सिकलसेलचा रकाना ठेवा. औषधासाठीही हवाच: दाब उतरवायला ॲसिटाझोलामाइडची गोळी सर्रास दिली जाते, सिकलसेलमध्ये ती रक्तपेशी आणखी वाकवू शकते.

दोन, क्षयाची औषधं. एथॅम्बुटॉलने दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू दुखावतात, आरएनएफएल पातळ होतो, पण डिस्क खोल होण्याऐवजी फिकट पडते. काचबिंदूत कप आधी वाढतो, उरलेली कड बराच काळ गुलाबी राहते. कडच फिकट दिसली, की काचबिंदू सोडून दुसरं शोधा. इशिहाराची रंगांची पुस्तिका पुढे करा. नजर आणि रंग दोन्ही लवकर गेले असतील तर संशय पक्का. दारू-तंबाखूनेही असंच होतं, तेव्हा खर्ऱ्याचंही (तंबाखू-सुपारीचं) विचारा. दिवसाला किती पुड्या ते विचारायचं, 'खाता का' हे नाही. 'खाता का' ला उत्तर नेहमी 'नाही'च.

तीन, मेडिकलवरून परस्पर घेतलेले स्टिरॉइडचे थेंब. पावसाळ्यात डोळे येतात, एकदा थेंबाने आराम पडला, की तीच बाटली वर्षभर चालते, घरभर चालते. साधारण तिघांपैकी एकाचा दाब त्याने थोडाफार वाढतो, शंभरात चार-सहा जणांचा भयंकर. बाटली सोबत आणायला सांगा, नाव कुणाच्या लक्षात राहत नाही.

---

बोंडअळी

खर्ऱ्याच्या पुड्या इचारल्यावर माणूस 'दोन' म्हनते. थेला चारनं गुनायचं.

---

सातपुडा

अवांतर होईल, पण वीज. गाडीतल्या ओसीटीला साधा इन्व्हर्टर लावू नका, ऑनलाइन यूपीएस घ्या. स्कॅन साठवताना वीज गेली तर फाइल जातेच, कधीकधी अख्खी हार्डडिस्क जाते. रोज संध्याकाळी बाहेरच्या ड्राइव्हवर प्रत. मशीनच्या पुस्तकात तापमानाची मर्यादा दिलेली असते. बंद पत्र्याची गाडी मे महिन्यात ती सहज ओलांडते. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी, म्हणून पेटीत सिलिका जेल, आणि ते निळ्याचं गुलाबी झालं, की बदला.

---

पळसपान

क्रमाबद्दलही बोलू या, कारण पूर्ण तपासणी फसते ती बहुतेक क्रमाने. आधी दृष्टी, मग हवेने दाब, मग नजरेचं क्षेत्र, मग ओसीटी. त्यानंतर बुबुळाला टेकवून मोजायचा दाब आणि गोनिओस्कोपी (भिंग टेकवून डोळ्यातला कोन पाहणं). बाहुली मोठी करणं अगदी शेवटी. गोनिओचा जेल लागला, की बुबुळ तासभर धूसर. त्यानंतर ओसीटीवर बसवलं तर सिग्नल चारच येणार. बाहुली मोठी करून पेरिमेट्री घेतली, की रिपोर्ट कशाशीच ताडता येत नाही.

आणि गोनिओ वगळू नका. झटपट असो वा पूर्ण, मागच्या पडद्याचं ओसीटी कोन उघडा की बंद ते सांगत नाही. आपल्याकडे अँगल क्लोजर (कोन बंद होऊन येणारा काचबिंदू) कमी नाही. गोनिओ जमत नसेल तर स्लिट लॅम्पवर व्हॅन हेरिक तरी: बुबुळाच्या काठाशी पुढची पोकळी बुबुळाच्या जाडीच्या पाव किंवा त्याहून कमी दिसली, तर बाहुली मोठी करायचा थेंब टाकायचा नाही, वर पाठवायचं.

---

टेंभुर्णी

थेंब टाकलेल्यांना तोंडी सूचना द्याच. कोन बंद होऊन दाब चढायचा झटका बहुतेक वेळा बाहुली परत आकसू लागते तेव्हा येतो, म्हणजे रात्री, गावात पोचल्यावर. डोळा दुखून लाल, दिव्याभोवती रंगीत वलय, उलट्या. घरचे पित्त समजून लिंबू-सोडा देतात. कार्डाच्या मागे हेच चार शब्द आणि फोन नंबर छापा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर फेनिलेफ्रिन मिसळलेला थेंब नको, नुसतं ट्रोपिकामाइड.

---

पैनगंगा (धागाकर्ता)

मूळ प्रश्नाकडे येतो. योजना बदलली, पाहा जमते का.

पहिलं टेबल: दृष्टी, हवेने दाब, फॉर्म (सिकलसेल, क्षय, स्टिरॉइड, पुड्या × ४). दुसरं टेबल: बाहुली न वाढवता फंडस कॅमेऱ्याने डिस्क मध्यावर घेतलेला फोटो, माणशी दोन मिनिटं, म्हणजे २०० जणांना ४०० मिनिटं. साडेसहा तासांच्या वर. इथेच अडतंय. तिसरं टेबल: निवडक ४०-५० जणांचं एफडीटी, मग पूर्ण ओसीटी. झटपट वर्तुळ रद्द.

---

भिंगवाला

एफडीटी पुढे आणा. पडद्यावर १७ जागा, निरोगी माणसाचा एक डोळा मिनिटभरात होतो, चष्म्याच्या नंबराने फारसं बिघडत नाही आणि पूर्ण काळोखाची खोलीही लागत नाही. फोटो आणि एफडीटी समोरासमोर ठेवा. अर्धी रांग आधी इकडे, अर्धी आधी तिकडे. कोणतंही टेबल रिकामं बसत नाही आणि दोन वेगळ्या जातीच्या चाचण्या सगळ्यांच्या होतात. वर्धाकाठ सरांचा मुद्दाही राखला जातो.

२०० एका दिवशी बोलवू नका. १२० पुरे. बाहुली ४ मिमीपेक्षा लहान असलेल्यांचा फोटो काळा येईल. त्यांना आधी दहा मिनिटं अंधाऱ्या खोलीत बसवा, निम्म्यांचं काम तेवढ्याने होतं. उरलेल्यांना 'नॉर्मल' लिहू नका, 'पाहता आलं नाही' लिहा.

---

मोहफूल

आणि बोलवायचं कुणाला हे ठरवा. ज्यांच्या सख्ख्या भावंडांना किंवा आईवडिलांना काचबिंदू आहे, ते आधी. जुन्या रुग्णांची यादी काढून आशाताईंमार्फत भावंडांना निरोप द्या. १००० मधले २५ शोधण्यापेक्षा ही रांग छोटी आणि त्यात सापडणारे जास्त. वर्धाकाठ सरांचं गणितच त्याने बदलतं.

---

पळसपान

एक राहिलं. खूप पुढे गेलेला काचबिंदू आला, आरएनएफएल ५०-५५ मायक्रॉनवर टेकलेला, तर त्याचा ओसीटी परत परत काढू नका. ती मशीनची जमीन आहे, त्याखाली आकडा जातच नाही. रिपोर्ट दर वर्षी सारखा येतो आणि 'स्थिर आहे' असं वाटतं, इकडे नजर चाललेली असते. अशांना १०-२ ची पेरिमेट्री, मधल्या दहा अंशांत ६८ बिंदू, दोन-दोन अंशांवर.

---

पैनगंगा (धागाकर्ता)

घेतलं. १२० माणसं, भावंडांची यादी, फोटो-एफडीटी समोरासमोर, ओसीटी पूर्ण पण थोड्यांचा, गोनिओ शेवटून दुसरं. तारीख कोणती धरावी? वेचणीचे दिवस टाळायचे आहेत.

---

बोंडअळी

आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा भाऊ. मानसं आपोआप येते. फक्त सकायी ठेवा, दुपारून सगळ्यांच्या हातात थैल्या राह्यते अन् हनुवटी टेकवाले कोनी थांबत नाई.

---

टेंभुर्णी

थैल्या ठेवायला एक वेगळं टेबल आणि त्यावर एक माणूस बसवा. नाहीतर स्कॅन चालू असताना डोळा चांदणीकडे नाही, भाजीकडे असतो.